जमाखर्चाबाहेरची मधमाशी

परीक्षांचा हंगाम जवळ आला की अनेक शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींत एक ठरावीक प्रसंग घडतो. पाण्याच्या टाकीखाली किंवा वरच्या मजल्याच्या सज्जाला आग्या मोहोळ लागलेले असते. पालकांची तक्रार येते, कार्यालयातून टिपणी वर जाते, प्राचार्यांची स्वाक्षरी होते आणि एखाद्या रात्री पेटते टेंभे किंवा कीटकनाशकाचा पंप घेऊन माणसे येतात. सकाळी शिपाई जिन्यातून मेलेल्या माश्या झाडून काढतो. झालेल्या खर्चाची पावती किरकोळ खर्चाच्या फायलीत लागते. त्याच संस्थेच्या विज्ञान मंडळाने त्याच वर्षी मधमाश्यांच्या रक्षणावर भित्तिपत्रक स्पर्धा घेतलेली असते आणि तिच्या बक्षिसांची पावतीही त्याच फायलीत असते. या दोन पावत्यांत काही विसंगती आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. आग्या मोहोळ उठले तर माणूस दगावू शकतो, ही भीती खरी आहे. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की मोहोळ नष्ट करण्याचा खर्च वहीत नोंदला जातो. त्या मोहोळातील माश्यांनी परिसरातील झाडाझुडपांवर आणि शेतमळ्यांवर महिनोन्‌महिने केलेले काम मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. ज्याची नोंद नाही त्याची किंमत नाही आणि ज्याची किंमत नाही त्याचे रक्षण करण्यास कोणी पुढे येत नाही, असा व्यवहाराचा क्रम आहे. मधमाश्या आणि इतर परागवाहक कीटक यांच्या रक्षणात तरुणांना सामील करून घ्यावे, असे आज सर्वत्र म्हटले जाते. ते योग्यच आहे. तथापि तरुणांनी नेमके करावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर या न झालेल्या नोंदीत शोधावे लागेल.

बागाईतदार आणि मधपाळ

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मधमाशी अनोळखी नाही. पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ साली एका प्रबंधात सफरचंदाचा बागाईतदार आणि त्याच्या शेजारचा मधपाळ यांचे उदाहरण घेतले. बागाईतदाराने झाडे वाढविली की मधपाळाच्या माश्यांना अधिक मकरंद मिळतो, पण त्याबद्दल बागाईतदाराला काही मिळत नाही. उलट माश्यांमुळे सफरचंदे अधिक धरली तर त्याचा मोबदला मधपाळाच्या पदरात पडत नाही. एकाच्या उद्योगाचा लाभ दुसऱ्याला होतो आणि बाजार त्याची दखल घेत नाही. बाह्य लाभ या संकल्पनेचे हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून शिकविले गेले आहे.

१९७३ साली स्टीव्हन च्युंग यांनी या उदाहरणाचीच तपासणी केली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात त्यांना असे आढळले, की बागाईतदार आणि मधपाळ यांच्यात भाड्याचे करार प्रत्यक्षात चालू आहेत. बाजार अगदीच आंधळा नव्हता. आज कॅलिफोर्नियातील बदामाच्या बहराला लाखो मधपेट्या भाड्याने नेल्या जातात. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांतही बहराच्या दिवसांत पेट्या भाड्याने ठेवण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रात डाळिंबाचे आणि कांदा-बियाण्याचे काही उत्पादक त्याच वाटेने जाऊ लागले आहेत.

मग प्रश्न मिटला, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणता येत नाही. करार होण्यासाठी मालक लागतो. पेटीतील माशीला मालक आहे. कड्यावरच्या मोहोळाला, बांधावरच्या भुंग्याला, रात्री दुधी भोपळ्याच्या पांढऱ्या फुलावर येणाऱ्या पतंगाला मालक नाही. त्यांच्या वतीने भाडे ठरविणारा कोणी नाही आणि ते नाहीसे झाले तर नुकसानभरपाई मागणाराही कोणी नाही. वस्तुतः शेतीचे फार मोठे काम या बेवारस कामकऱ्यांकडूनच होते. जगभरातील ४१ पीकपद्धतींचा एकत्रित अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वन्य कीटकांच्या भेटींमुळे होणारी फळधारणेतील वाढ पाळीव मधमाश्यांच्या भेटींमुळे होणाऱ्या वाढीच्या सुमारे दुप्पट असते, असे त्यात दिसून आले.

वांग्याचे फूल याचा साधा दाखला आहे. त्याचे पराग कुपीसारख्या बंद परागकोशात असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतात. भुंगा फुलाला बिलगतो, अंगातील स्नायूंचे कंपन करतो आणि पराग झडून त्याच्या अंगावर पडतात. पेटीतील मधमाशीला ही विद्या अवगत नाही. वांगे वाऱ्याच्या हालचालीनेही काही प्रमाणात धरते, हे खरे; पण भुंग्याची भेट झालेल्या फुलाची धारणा अधिक चांगली होते. आंब्याच्या मोहोरावर तर सर्वांत मोठी वर्दळ असते ती साध्या माश्यांची, ज्यांना माणूस हाताने हाकलून देतो. मध देत नाहीत म्हणून हे जीव हिशेबात धरले जात नाहीत.

अतिशयोक्ती नको

या विषयावरील फलकांवर अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावाने एक भाकीत हमखास रंगविलेले असते: मधमाश्या संपल्या की चार वर्षांत मनुष्यजात संपेल. आइन्स्टाइन यांनी असे म्हटल्याचा कोणताही पुरावा नाही आणि ते विधान खरेही नाही. गहू, भात, ज्वारी, बाजरी या पिकांना कीटकांची गरज लागत नाही. जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा २००७ साली घेण्यात आला. त्यांपैकी ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून, मुख्यतः कीटकांकडून, होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. परंतु वजनाच्या हिशेबाने पाहिले तर या पिकांचा वाटा ३५ टक्के आहे. मधमाश्या गेल्या तरी माणसाला भाकरी मिळेल.

मग जाईल काय? भाकरीबरोबरचे सारे काही जाईल किंवा महाग होईल. फळे, वेलवर्गीय भाज्या, कारळा व सूर्यफूल यांसारखी तेलबिया, कांद्याचे बी ही यादी गरिबाच्या ताटातील जीवनसत्त्वांची आणि लहान शेतकऱ्याच्या हातातील रोख पैशाची आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात परागवाहकांशी निगडित असलेल्या वार्षिक पीक-उत्पादनाचे मूल्य २३५ ते ५७७ अब्ज डॉलर धरले आहे. या दोन आकड्यांतील अंतरच सांगते, की या सेवेचा हिशेब अद्याप किती कच्चा आहे.

कीटकांचे काम माणसाने हाती घेतले तर काय होते, याचा अनुभव चीनमधील सिचुआन प्रांतात मिळाला आहे. तेथील माओशियान परिसरात सफरचंदाच्या बागांमध्ये माणसे झाडांवर चढून ब्रशाने फुलाफुलाला पराग लावीत असत. फवारणीच्या भीतीने मधपाळ आपल्या पेट्या तेथे ठेवावयास तयार नव्हते. मजुरी स्वस्त होती तोवर हे चालले. ती वाढू लागली तशी अनेकांनी सफरचंद सोडून इतर पिके धरली. भारतातील उदाहरण अधिक बोचणारे आहे. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी फुलांचा संकर हातानेच करावा लागतो. त्याचे कारण वेगळे आहे. ठरलेल्या दोन वाणांचाच संयोग व्हावा, ही त्यातील गरज असते. तथापि आंध्र प्रदेश, गुजरात इत्यादी राज्यांतील बियाणे-प्लॉटांवर या कामासाठी शाळकरी वयाच्या मुली राबविल्या गेल्या, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले. कीटक जे फुकट करतात ते हाताने करावयाचे ठरले तर शेवटी स्वस्तात स्वस्त हात शोधले जातात आणि ते बहुधा मुलांचे असतात. परागवाहकांच्या रक्षणाशी तरुण पिढीचा संबंध आहे तो असा.

सरकारी हिशेबातील मध

शासन या क्षेत्रात काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून उभी आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. त्यानंतर भुदरगड तालुक्यातील पाटगावलाही तो मान मिळाला. केंद्राने २०२० साली मधुमक्षिकापालन आणि मध यांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. सह्याद्रीतील जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवून चार पैसे मिळविणारे कुटुंब गाव सोडून मुंबईला जात नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पण या सर्व योजनांचे यश मोजले जाते ते पेट्यांच्या संख्येत आणि मधाच्या वजनात. मध विकला जातो, म्हणून तो मोजता येतो. परागीभवन विकले जात नाही, म्हणून ते अहवालात येत नाही. शिवाय सारे लक्ष एका-दोन जातींवर केंद्रित होते. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या, तेव्हा एकाच जातीवर विसंबण्यातील धोका प्रत्ययाला आला. पेट्या वाढविणे आवश्यक आहे. पण पेटीबाहेरच्या जीवांचे काय चालले आहे हे पाहणारी व्यवस्था त्याहून अधिक आवश्यक आहे आणि ती आज जवळजवळ नाही.

हौशी माणसांची वही

अशी व्यवस्था केवळ शास्त्रज्ञांच्या बळावर उभी राहू शकत नाही, हे परदेशातील अनुभवावरून दिसते. जर्मनीत क्रेफेल्ड येथे कीटक-अभ्यासकांची एक जुनी संस्था आहे. तिचे बहुतेक सभासद हौशी. त्यांनी १९८९ पासून २७ वर्षे ६३ संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे सापळे लावून उडणाऱ्या कीटकांचे वजन नोंदविले. २०१७ साली त्या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा हे वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले असल्याचे जगाला कळले. त्या वह्या नसत्या तर ही घट कोणाच्या ध्यानातही आली नसती.

मुलांना अशी कामे झेपत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचे एक खेडे आहे. तेथील प्राथमिक शाळेतील ८ ते १० वर्षे वयाच्या २५ मुलांनी एका शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली रानमाश्यांवर प्रयोग केला. रंग आणि रंगांची मांडणी या दोहोंच्या आधारे माशी फूल निवडण्यास शिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाने तो निबंध मुलांच्या भाषेत आणि त्यांनी रंगविलेल्या आकृत्यांसह छापला. प्रश्न मुलांनीच विचारला आणि उत्तरही त्यांनीच शोधले, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्या देशातही झाडांच्या फुलण्या-फळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या 'सीझनवॉच' या उपक्रमात केरळमधील शाळकरी मुले मोठ्या संख्येने भाग घेत आली आहेत. तेव्हा क्षमतेचा प्रश्न उरत नाही.

दिन नको, हंगाम हवा

महाराष्ट्रात मात्र अशा कामाचे रूपांतर समारंभात होण्याची भीती असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशाने पर्यावरणाचा विषय अभ्यासक्रमात आला. त्यासोबत प्रकल्पवही आली आणि गेल्या वर्षीची वही नव्या वेष्टनात घालून देण्याची प्रथाही आली. जागतिक मधमाशी दिनाचेच पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१८ पासून तो २० मे रोजी पाळला जातो. त्या दिवशी महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांना सुटी असते आणि बहुतेक शेतेही मोकळी असतात. शेतातील फुलांचे वेळापत्रक निराळे आहे. पावसाळ्यात भोपळा-काकडीचे वेल फुलतात, त्यानंतर कारळा आणि तीळ, हिवाळ्यात आंब्याचा मोहोर आणि पुढे कांद्याचे गोंडे. शैक्षणिक वर्षाशी हे वेळापत्रक उत्तम जुळते. एका दिवसाऐवजी हा हंगाम धरावयास हवा.

काम सोपे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून नागरिकांकडून करून घेतली जाणारी एक मोजणी येथेही करता येईल. अर्धा मीटर लांबी-रुंदीचा फुलांचा चौकोन निवडावयाचा आणि दहा मिनिटे स्वस्थ उभे राहून त्यातील फुलांवर किती कीटक आले ते मोजावयाचे. जातींची शास्त्रीय नावे ठाऊक नसली तरी चालते. मधमाशी, भुंगा, साधी माशी, फुलपाखरू, पतंग, मुंगी असे गट पुरेसे आहेत. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी ही नोंद व्हावी आणि वही विद्यार्थ्याच्या दप्तरात न राहता ग्रंथालयात जमा व्हावी. यंदाच्या नोंदीला एकटीला फारसा अर्थ नाही. दहा वर्षांच्या, शंभर गावांच्या नोंदींना तो आहे.

दुसरा प्रयोग मलमलीच्या पिशवीचा. लाल भोपळ्याचे मादीफूल खालच्या इवल्या फळावरून ओळखू येते. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी काही मादीफुलांना पिशवी बांधावी, काही मोकळी ठेवावीत. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने जात नाहीत. त्यामुळे पिशवीतील फळ काही दिवसांत पिवळे पडून गळते. शेजारचे मोकळे फूल धरते. हा प्रयोग आपल्या बापाच्या शेतात केलेल्या मुलाला परागीभवनाचे मोल समजावून सांगण्याची गरज राहत नाही आणि बापालाही व्याख्यान द्यावे लागत नाही.

येथूनच खरी चर्चा सुरू होऊ शकते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. फवारणी नेमकी सकाळी होते, कारण मजूर सकाळी मिळतो. फूल मिटल्यावर, सायंकाळच्या सुमारास फवारले तर मरणाऱ्या माश्यांची संख्या बरीच कमी होईल. बांधावरच्या रानफुलांवर तणनाशक पडते, कारण खुरपणीची मजुरी परवडत नाही. अनेक एकांडे रानकीटक त्याच बांधाच्या मातीत घरे करतात. बांध राखणाऱ्याचे क्षेत्र अडते आणि लाभ शेजाऱ्याच्या वेलींनाही होतो. मीड यांचा बागाईतदार आणि मधपाळ येथे पुन्हा भेटतात. हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या सद्बुद्धीवर सोपविता येत नाही. तो गावाने मिळून सोडवावा लागतो.

त्यासाठी नवा कायदा नको. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असावयास हवी. डॉ. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीच्या कल्पनेचा सातत्याने पुरस्कार केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा ती गाठण्याच्या घाईत अनेक वह्या भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिची सात दिवसांची शिबिरे दत्तक गावांत भरतात. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिले आहेत. गावाकडे वही आहे, महाविद्यालयाकडे मनुष्यबळ आहे, विद्यापीठाकडे गुण आहेत. या तिघांची गाठ घालून देण्याचे काम तेवढे राहिले आहे.

वडिलधाऱ्यांची जबाबदारी

तरुणांवर काम सोपविताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. आग्या मोहोळाच्या वाटेला विद्यार्थ्यांनी मुळीच जाऊ नये. ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. फुलावरची एकटी माशी सहसा डसत नाही, पण एखाद्याला दंशाने तीव्र त्रास होऊ शकतो, हे शिक्षकाने आधी जाणून घ्यावे. दुसरे पथ्य प्रामाणिकपणाचे. मुलांनी नोंदी करावयाच्या आणि निर्णय मात्र मोठ्यांनी पूर्वीप्रमाणेच घ्यावयाचे, असे झाले तर ती वही म्हणजे आणखी एक प्रकल्पवही ठरेल. विद्यार्थ्यांनी काढलेले आकडे ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत, कृषी सहायकाने पाहिले पाहिजेत आणि सर्वांत आधी त्यांच्या स्वतःच्या संस्थेने मानले पाहिजेत.

त्याची सुरुवात टाकीखालच्या मोहोळापासून करता येईल. आग्या माश्या एका जागी कायमच्या राहत नाहीत. परिसरातील फुलोरा सरला की त्या आपणहून स्थलांतर करतात. अनेकदा तो भाग दोरी लावून बंद ठेवणे आणि काही आठवडे कळ काढणे पुरेसे असते. खरोखरच धोका असेल तेथे माश्या न मारता मोहोळ हलविणारी जाणकार माणसे बोलवावीत. त्या काळात विद्यार्थ्यांनी सुरक्षित अंतरावरून मोहोळ आले केव्हा, गेले केव्हा, त्या वेळी आसपास कोणती झाडे फुलली होती, एवढे लिहून ठेवावे. किरकोळ खर्चाच्या फायलीत त्या दोन पावत्यांच्या शेजारी असे एक पान लागले, तर पुढच्या वर्षी टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला आणि तिच्यावर स्वाक्षरी करणाऱ्या प्राचार्यांना ते वाचल्यावाचून पुढे जाता येणार नाही.